डीव्हीडीवाला जुना नेव्हिगेशन सेट पुन्हा कामाला लावायचाय, सोलापुरात काय काय करता येईल?

सुयश_सातरस्ता

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

आमच्या घरी २००७ ची एक परदेशी बनावटीची सेडान आहे. बाबांनी ती २०११ मध्ये पुण्यातून सेकंडहँड आणली. डॅशबोर्डमध्ये साडेसहा इंची स्क्रीन, तिच्याशेजारी फिरवायचं आणि दाबायचं गोल बटण, आणि डिक्कीत डाव्या कप्प्यात नेव्हिगेशनचा डबा. नकाशाची डीव्हीडी त्या डब्यात जाते. भारताची एकच डिस्क गाडीबरोबर आली, २०१० च्या नकाशाची. त्यानंतरची आम्हाला कुठेच मिळाली नाही.

आजची अवस्था अशी. पुणे रोड त्यात अजून राष्ट्रीय महामार्ग ९ आहे आणि विजापूर रोड १३. केगावहून हत्तूरकडे बायपासने निघालो की बाण रस्ता सोडतो आणि पिवळ्या रिकाम्या जागेतून चालायला लागतो, आतली बाई मागे फिरा, मागे फिरा म्हणत राहते. तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दिसते. एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी काढली की डिस्क वाचता येत नाही असा संदेश येतो, संध्याकाळी तीच डिस्क चालते.

फोन लावा हा सल्ला घरात देऊन झाला. बाबा ७१ वर्षांचे आहेत, टॉवेलच्या धंद्यात चाळीस वर्षं गावोगाव हिंडले. ते बटण त्यांच्या हाताला न बघता कळतं. दोन खटके डावीकडे, एकदा दाब, की जुन्या ठिकाणांची यादी उघडते. त्या यादीत त्यांनी स्वतः एकेक अक्षर फिरवून भरलेली ६१ ठिकाणं आहेत. इचलकरंजी सूत, मालेगाव जुने, टेंभुर्णी चहा, उमरगा पंक्चर. फोनच्या काचेवर बोट लावलं की काहीतरी भलतंच उघडतं, आणि गाडी चालवताना त्यांना ते जमत नाही.

नवीन नकाशा या डब्यात घालता येतो का? नसेल तर बाबांचं बटण आणि ती ६१ ठिकाणं राखून दुसरं काय करता येईल? दुकानात विचारलं तर सगळं काढून अँड्रॉइड सेट बसवा म्हणाले.

कडकभाकरी_१३

फोनचा स्टँड, चार्जर, विषय संपला की ओ. पण ती «टेंभुर्णी चहा»ची जागा इथं टाका, आम्हालाबी लागते.

निखिल_होटगीरोड

मी या वाटेने जाऊन आलोय, पैसे घालवून. माझ्याकडेही डिस्कवाला सेट होता, दुसऱ्या कंपनीचा. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून «ताजा नकाशा» म्हणून अठराशेला डिस्क मागवली. सेटने ती घेतली, सुरुवातीच्या पडद्यावर नवं सालही दिसलं. आनंदाने तुळजापूर रोडला निघालो तर रस्ते सगळे जुनेच. घरी संगणकात दोन्ही डिस्क शेजारी शेजारी उघडल्या. फाइली तशाच, बाइटला बाइट जुळत होत्या. बदललं होतं फक्त नाव आणि सुरुवातीचं चित्र.

म्हणून कळकळीने सांगतो, असल्या डिस्कांच्या नादी लागू नका.

स्वतःच्या डिस्कची जपणूक म्हणून प्रत काढायची असेल तर ते वेगळं, आणि ती काढाच, कारण मूळ डिस्कवर ओरखडा पडला तर दुसरी मिळणार नाही. आधी डिस्क केवढी आहे ते बघा. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबी, दोन थरांची ८.५ जीबी. नकाशा दोन थरांच्या डिस्कवर असेल तर एका थराच्या कोऱ्या डिस्कवर तो मावणार नाही, तिथे कापाकापी चालत नाही. कोरी डिस्क चांगल्या प्रतीची घ्या आणि कमीत कमी वेगाने लिहा. जुने ड्राइव्ह घरी लिहिलेल्या डिस्कला कुरकुरतात, कारण तिच्यावरून परतणारा उजेड छापील डिस्कपेक्षा कमी असतो. कोरी डिस्क डीव्हीडी प्लस आर (+R) प्रकारची असेल तर लिहिताना तिची ओळख डीव्हीडी-रॉम, म्हणजे छापील डिस्क, अशी नोंदवायची सोय काही रायटरमध्ये असते, त्याने फरक पडतो.

आणि डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, हात जोडून सांगतो. आपल्या उन्हात गोंद सुटतो, लेबलचा कोपरा उचलतो आणि डिस्क आतच अडकते. माझी अडकली. डबा पूर्ण खोलावा लागला.

दीपा_जुळेसोलापूर

सुयश, मी पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करते, माहेर जुळे सोलापूर. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: या डब्यात आजचा नकाशा घालता येणार नाही. का, ते सांगते, म्हणजे पुन्हा कुणी भुलवणार नाही.

डीव्हीडीवरचा नकाशा म्हणजे चित्र नव्हे. रस्त्यांचे तुकडे, ते कुठे जोडले जातात, कुठून कुठे वळता येतं, गावांची नावं, दुकानं, हे सगळं चौकोनांत तोडून डिस्कवर ठरावीक क्रमाने मांडलेलं असतं, कारण तो ड्राइव्ह संथ असतो आणि त्याला पुढचा चौकोन वेळेवर सापडला पाहिजे. ही मांडणी प्रत्येक कंपनीची आपापली, आणि बहुतेकांनी ती उघड केलेली नाही. लोक म्हणतात, ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा फुकट आहे, तो घाला. गार्मिन कंपनीच्या हातातल्या जीपीएससाठी ते जमतं, त्यासाठी एमकेजीमॅप नावाचं साधन आहे. पण ती मांडणी हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून उलगडली. तुझ्या डब्यासाठी असं काम झालेलं माझ्या बघण्यात नाही.

दुसरं म्हणजे तारीख. हा बिघाड नव्हे. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत येतो, म्हणजे ० ते १०२३. १०२४ आठवडे झाले, साधारण १९ वर्षं ७ महिने, की तो पुन्हा शून्यावर. हे आधी ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि नंतर ६ एप्रिल २०१९ ला. पुढचं २०३८ मध्ये आहे. ज्या यंत्राला सांगितलेलंच नाही की आता पुढची फेरी सुरू झाली, ते बिचारं मागच्या फेरीतली तारीख लावतं. काही कंपन्यांनी आपल्या यंत्रात गणनेची सुरुवात दुसऱ्याच आठवड्यापासून धरलेली असते, त्यामुळे त्यांची यंत्रं वेगळ्याच दिवशी चुकतात. २०२२ च्या जानेवारीत जगभर काही गाड्यांची घड्याळं २००२ वर गेली होती, ते याच जातीचं दुखणं. जागा मात्र बरोबर येते, कारण जागा काढायला आठवड्याच्या आतली वेळ लागते, साल नाही. सुरुवातीला उपग्रह सापडायला उशीर लागू शकतो, कारण चुकलेल्या तारखेमुळे कोणता उपग्रह आत्ता कुठे असेल याचा अंदाज चुकतो. उघड्यावर दहा मिनिटं उभी करून बघ.

म्हणजे डब्यातली डिस्क म्हातारी झालीय. डबा, स्क्रीन, बटण हे अजून कामाचं आहे. मी तुझ्या जागी असते तर ते जिथल्या तिथे ठेवलं असतं.

प्रशांत_मोहोळ

दीपाताई, मान ठेवून असहमत. पंधरा-अठरा वर्षांचा सेट जपण्यात काय अर्थ? मी माझ्या गाडीत नवा सेट बसवला. डॅशबोर्डमधला टू-डिन मापाचा, म्हणजे दुप्पट उंचीच्या सेटचा, खाचा १७८ बाय १०० मिमीचा असतो, काही जपानी गाड्यांत २०० बाय १०० चा. त्यात मोठी स्क्रीन बसते, फोन जोडला की नकाशा ताजा, मागचा कॅमेरा मिळतो, गाणी मिळतात. सावळेश्वर टोलच्या आधी ट्रॅफिक तुंबलेलं कळतं. डिस्कवाल्याला ते कधीच कळणार नाही.

बॅटरीवाले_आप्पा

सुयशराव, बावीस वर्षं झाली, अशोक चौकात गाड्यांचं वायरिंग करतोय. प्रशांतरावांचं खरं हाय, पण त्यांच्या गाडीला. तुमच्या गाडीला नाही. ह्या जर्मन-बिर्मन गाड्यांत एसीचं, गाडीच्या सेटिंगचं सगळं त्याच स्क्रीनवर असतंय. स्क्रीन काढली की एसीचा आकडाबी गेला. काही गाड्यांत डेक, अँम्प्लिफायर, नेव्हिगेशन एका काचेच्या तारेच्या कड्यात जोडलेलं असतंय, तांब्याची वायर नसते, लाल उजेड जातो त्यातनं. मधला एक डबा काढला की कडं तुटतं आणि गाडीचा आवाजच बंद. गिऱ्हाईक म्हणतंय स्पीकर उडाले. उडत काय नाहीत, तिथं छोटं लूपचं कपलर लावलं की परत चालू.

माझं एकच सांगणं: कंपनीची वायर कापायची नाही. कुणी पक्कड घेऊन डॅशखाली वाकला की म्हणायचं, थांब. मूळ कपलर आणि नव्या सेटचं कपलर जोडणारी तयार वायर मिळते, ती घ्या. पिवळी वायर कायम बारा व्होल्ट, लाल चावीवर, काळी अर्थ, हे नव्या सेटचं झालं. गाडीच्या वायरीचे रंग निराळे असतात. रंग बघून जोडलं आणि फ्यूज उडाला, अशा गाड्या महिन्याला येतात माझ्याकडं. टेस्ट लॅम्पपण नको अशा गाडीला, मीटर लावा.

आता उन्हात डिस्क वाचत नाही त्याचं. तुमचं घर कारखान्याजवळ असणार. गेल्या साली अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलवाल्या मालकांचा असाच डबा खोलला. वरचं झाकण काढलं, आत लेन्स मसुराच्या डाळीएवढी. तिच्यावर पांढरी साय धरावी तसा कापसाचा तूस बसलेला. फुंकर नाही मारायची, थुंकी उडते. रबरी फुग्यानं हवा मारली, मग कानात घालायच्या काडीला पातळ आयसोप्रोपाइल (साफसफाईचं अल्कोहोल) लावून वरच्या वर फिरवली, दाबायचं अजिबात नाही. ती लेन्स केसाएवढ्या तारांवर तरंगत असती. बॅटरीची वायर काढून मगच हे करायचं, चालू लेझरकडं बघायचं नाही. डिस्क आत ओढणाऱ्या दातेरी चाकांचं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, तेबी पुसून नवं लावलं. मालकांची गाडी यंदाच्या मेमध्ये दुपारी दोनला चालली, मला फोन करून सांगितलं त्यांनी.

कडकभाकरी_१३

आप्पा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणते शिलाई मशीनलाबी हेच लागू हाय, तूस काढला की निम्मी दुखणी बरी.

उमरग्याची_वाट

जुन्या डब्याचा एक गुण कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो.

या कारखान्यातून बसवलेल्या सेटला गाडीच्या वेगाची वायर जोडलेली असते, रिव्हर्सची असते आणि आत वळण मोजणारा जायरो असतो. उपग्रह दिसेनासा झाला तरी चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली यावरून तो हिशेब चालू ठेवतो. एक्स्प्रेसवेवर भाताणच्या बोगद्यात माझा फोन गप्प झाला आणि निळा ठिपका तोंडाशीच थांबला. गाडीचा बाण मात्र आत शिरून दुसऱ्या टोकाला गाडीबरोबरच बाहेर आला.

ही कल्पना जीपीएसच्याही आधीची. होंडाने १९८१ मध्ये जपानात जे यंत्र गाडीत बसवलं ते उपग्रहाशिवायच होतं, आत जायरो आणि पुढे पारदर्शक नकाशाची पट्टी. पट्टी हाताने बदलायची. डीव्हीडी १९९६ च्या शेवटी जपानात आली, त्यानंतरची ही सगळी डिस्कवाली पिढी. आणि २००० च्या मेपर्यंत अमेरिका नागरिकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. तेव्हा ही वेगाची वायर नसती तर गाडी शेजारच्या गल्लीत दिसली असती.

टायरचा आकार बदलला असेल तर हा हिशेब थोडा चुकतो. बहुतेक सेट काही किलोमीटर उघड्या सरळ रस्त्यावर चालवले की स्वतः जुळवून घेतात. विजापूर रोड त्याला उत्तम.

वेंकटेश_कन्नाचौक

अवांतर: त्या २०१० च्या नकाशात हैदराबाद अजून आंध्रात असेल. तेलंगण २ जून २०१४ ला झालं. माझे मामा सिद्दीपेटला, त्यांचं गाव अशा जुन्या सेटमध्ये शोधायचं तर राज्य आंध्र प्रदेश निवडावं लागतं. ते माहीत नसेल तर गाव «नाही» म्हणतो.

राधिका_नवीपेठ

तसंच विजापूर. २०१४ च्या नोव्हेंबरपासून ते विजयपुरा, गुलबर्गा कलबुर्गी, आणि आपल्याकडचं उस्मानाबाद आता धाराशिव. आमच्या आजोबांना तिन्ही जुनी नावंच येतात, म्हणून त्यांना जुना सेटच बरा वाटतो. सुयशच्या बाबांनाही तसंच असेल का?

सुयश_सातरस्ता

राधिका, अगदी. बाबा «गुलबर्गा डावीकडे» म्हणतात आणि पाटीवर कलबुर्गी असतं.

आप्पा, कारखाना घराच्या मागेच होता, २०१८ पर्यंत. तूस असणारच. दीपाताई, मग ६१ ठिकाणांचं काय करू? आप्पा बॅटरी काढायला सांगताहेत, त्यात ती पुसली गेली तर?

दीपा_जुळेसोलापूर

बरं झालं विचारलंस. बहुतेक युनिट जतन केलेली ठिकाणं अशा चिपमध्ये ठेवतात जिथे वीज गेली तरी ती राहतात. पण सगळेच तसे नसतात, आणि जुन्या चिपवर मी विसंबणार नाही. आधी नोंद, मग पाना.

प्रत्येक ठिकाण उघड. माहितीच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसतात. प्रत्येकाचा फोटो काढ. ६१ आहेत, एका दुपारचं काम आहे. बाबांना शेजारी बसव, कारण «मालेगाव जुने» म्हणजे नेमकं काय ते त्यांनाच ठाऊक.

महेश_पुणेनाका

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. माझ्या जुन्या सेटमध्ये अंश-मिनिट-सेकंद दिसायचे. घराची जागा १७ अंश ४० मिनिटं उत्तर, ७५ अंश ५४ मिनिटं पूर्व. मी फोनमध्ये १७.४०, ७५.५४ असं भरलं आणि पाहुण्यांना पाठवलं. ते पोचले मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, ज्वारीच्या रानात. घर सोलापुरात, पाहुणे पन्नासेक किलोमीटरवर, आणि तिथून फोन, की बांधावर एक म्हातारबाबा बसलेत, ते म्हणतात इथं कुणाचं लग्न नाही.

मिनिटं म्हणजे दशांश नव्हेत. मिनिटांना ६० ने भागायचं आणि सेकंदांना ३६०० ने, मग अंशात मिळवायचं. १७ अंश ४० मिनिटं १२ सेकंद म्हणजे १७.६७. काही सेट अंश आणि दशांश मिनिटं दाखवतात, तिथे सेकंदांचा खाना नसतो, तेही बघून घ्या.

कडकभाकरी_१३

महेशराव, पाहुण्यांना हुरडा तरी मिळाला का?

महेश_पुणेनाका

मिळाला! डिसेंबर होता. त्या बाबांनी शेंगाचटणी लावून खायला घातला. आजही संक्रांतीला त्यांना तिळगूळ जातो.

प्रशांत_मोहोळ

ठीक आहे, सुयशच्या गाडीला नवा सेट बसत नाही हे आप्पांमुळे पटलं. मग मधला मार्ग घ्या. मूळ स्क्रीनला बाहेरचं चित्र देणारा इंटरफेस डबा मिळतो. तो स्क्रीन आणि मूळ युनिटच्या मध्ये कपलरने बसतो. एक बटण दोन सेकंद दाबलं की फोनचा नकाशा, पुन्हा दाबलं की गाडीचा. गोल बटणाची हालचालही फोनकडे पोचवणारे मिळतात, घेताना तेवढं विचारून घ्या, सगळ्यांत ते नसतं.

दीपा_जुळेसोलापूर

प्रशांत, हे मलाही पटतं. एक अडचण सांगून ठेवते. त्या काळच्या साडेसहा-सात इंची गाडीच्या स्क्रीन बऱ्याचदा ४०० बाय २३४ किंवा ४८० बाय २३४ ठिपक्यांच्या असतात. आजच्या फोनचं चित्र त्यात कोंबलं की बारीक अक्षरं विरघळतात. बाबांच्या डोळ्यांचा विचार करून अक्षरं मोठी ठेव, आणि विकत घेण्याआधी तुझ्याच गाडीवर लावून दाखवायला सांग. दुकानातल्या प्रात्यक्षिकाची स्क्रीन वेगळी असते.

निखिल_होटगीरोड

आणि अँटेना बघा. सेडानमध्ये ती बऱ्याचदा मागच्या काचेखालच्या फळीत असते. मागच्या काचेवर धातूचा मुलामा असलेली जुनी फिल्म असेल तर सिग्नल मरतो. जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झचा, वीस हजार किलोमीटरवरून येतो, अगदी क्षीण असतो. तशीही काचेला काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्येच मनाई केलीय.

सुयश_सातरस्ता (तीन आठवड्यांनी)

मंडळी, काम झालं. जसं झालं तसं लिहितो, पुढे कुणाला लागेल.

पहिल्या रविवारी बाबा आणि मी गाडीत बसून यादी उतरवली. दुपारचं काम म्हणून बसलो, रात्रीचे नऊ वाजले. बाबा प्रत्येक नावाला थांबत होते. «उमरगा पंक्चर» म्हणजे १९९४ च्या पावसात टेम्पो बंद पडला ती जागा. ज्या माणसाने रात्री चाक काढून दिलं तो आता नाही, पण त्याचा मुलगा तिथेच दुकान चालवतो. «भीमा वळण» वर तर त्यांनाच आठवेना. फोटोतले आकडे महेशरावांच्या पद्धतीने भागून नकाशावर टाकले तेव्हा ती जागा टाकळीजवळ नदीकाठी निघाली, आणि बाबा म्हणाले, अरे, इथे तुझ्या आईबरोबर डबा खाल्ला होता, गाडी नवी आणली तेव्हा. आई आतून म्हणाली, दशम्या होत्या.

६१ पैकी ५७ फोनमध्ये जशीच्या तशी बसली. चार ठिकाणी जुन्या सेटचा बिंदू रस्त्यापासून थोडा बाजूला होता, ते बाबांना विचारून सरकवले.

नंतर आप्पांकडे गेलो. डबा माझ्यासमोर खोलला. लेन्सवर तूस होता, आमच्याच कारखान्याचा असणार, निळसर. शेवटच्या दोन वर्षांत आम्ही निळे टॉवेल जास्त काढायचो. आप्पांनी तो काडीवर घेऊन मला दाखवला. बॅटरी जोडल्यावर यादी जशीच्या तशी होती, पण नोंद हातात होती म्हणून मी निवांत होतो. मूळ डिस्कची प्रतही काढली. ती दोन थरांची निघाली. पहिली कोरी डिस्क सेटने नाकारली, दुसऱ्या बनावटीची घेतली. मूळ डिस्क आता घरी कपाटात.

मागच्या काचेवरची जुनी फिल्म काढली. उपग्रह सापडायला आधी दहा-बारा मिनिटं लागायची, आता तीनच्या आत सापडतात. तारीख चुकीचीच आहे, ती तशीच राहणार.

इंटरफेस डबा साडेअठरा हजाराला पडला. विकणाऱ्याने आधी माझ्या गाडीवर लावून दाखवला, एकही वायर कापली नाही. अक्षरं दीपाताई म्हणाल्या तशी जरा विरघळतात. मोठी केल्यावर बाबांना वाचता येतात, रस्त्यांची बारीक नावं नाही येत. बटण फोनच्या नकाशाला चालतं. खटक्यांचा क्रम वेगळा आहे, म्हणून मी जतन केलेली ठिकाणं अशी लावली की दोन खटके डावीकडे आणि एक दाब यावर तीच यादी येते. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

परवा बाबांनी केगावहून हत्तूरपर्यंत बायपासने गाडी नेली. बाण पूर्णवेळ रस्त्यावर होता. उतरल्यावर त्यांनी मला काही सांगितलं नाही, आईला सांगितलं: «आता बोलणारी बाई रस्ता ओळखते.»

राधिका_नवीपेठ

किती सुंदर लिहिलंयस. ती ६१ नावं बाबांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेव, सुयश.

उमरग्याची_वाट

उमरग्याच्या त्या पंक्चरवाल्याला मी ओळखतो. पुढच्या फेरीत तुझ्या बाबांचा निरोप देतो.

प्रशांत_मोहोळ

फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर आल्याने अजून एक झालं. हातात फोन धरायची वेळच येत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातही रस्ता बघायला फोन वापरायची मुभा आहे, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच. कॉलसाठी नाही.

संगीता_अक्कलकोटरोड

आमच्याही गाडीत असाच डबा आहे, पण आमचं डिस्कचं तोंडच उघडत नाही, डिस्क आत अडकलीय. आवाज येतो फक्त, किर्रर्र. आप्पा, तुमच्याकडे आणली तर बघाल का? नकाशाची मूळ डिस्क आत आहे, दुसरी नाही.

बॅटरीवाले_आप्पा

आणा की ताई. किर्रर्र आवाज म्हणजे मोटर फिरतीय, दातेरी चाक घसरतंय, डिस्कला बहुतेक काय झालेलं नसणार. तोपर्यंत बटण परत परत दाबू नका, डिस्कवर ओरखडा पडतोय. चमचा, पट्टी काय आत घालू नका. रविवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी दहाच्या आत या, गाडी तापायच्या आधी, आणि बॅटरी चार्ज करून आणा.